डब्बू आणि वर येणारं पाणी

समुद्र पाहून आल्याला आता पंधरा दिवस झाले. शेजारच्या बायका विचारतात, कसा असतो गं समुद्र, आणि मी म्हणते, मोठा असतो. तेवढंच. चारजणींत बोलायची वेळ आली की माझं तोंड उघडतच नाही. मग घरी आल्यावर सगळं आठवतं, हे सांगायचं राहिलं, ते सांगायचं राहिलं. म्हणून दुपारी भांडी आटोपली की या वहीत लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा अक्षराकडे कोणी पाहू नये.

निघण्याआधी

आधी डब्बूचं सांगते. डब्बू आमचा कुत्रा, नऊ वर्षांचा, रंगाने भाजलेल्या रव्यासारखा. आमचे हे जबलपूरला रिछाईच्या कारखान्यात होते तेव्हा एका संध्याकाळी त्यांच्या सायकलीमागे एक पिल्लू धावत आलं. हँडलला जेवणाचा रिकामा डबा लटकला होता, त्याच्या वासावर ते घरापर्यंत पोचलं. म्हणून नाव डब्बू. ह्यांनी आणला, पण झाला माझा. माझ्या हातचंच खातो. जवळच्या पाटणला एका लग्नाला मी दोन दिवस गेले तर त्याने अन्नाला तोंड लावलं नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीत फटाक्यांना घाबरून तो पळाला. चार दिवस सापडला नाही. ते चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पाचव्या दिवशी एका ट्रकखाली सापडला, पाय सुजलेला, डोळे खोल गेलेले. तेव्हापासून मी त्याला पट्ट्याशिवाय फाटकाबाहेर नेत नाही. पट्टा मी स्वतः पलंग विणायच्या निवारीचा शिवला आहे, चांगला दुहेरी. नर्मदाजीच्या ग्वारीघाटावर स्नानाला जाते तेव्हासुद्धा काठाला लागलेल्या नावेला त्याला बांधते आणि मग पाण्यात उतरते. नाववाले आता ओळखतात. "बांध दो दीदी, हम देख रहे हैं," म्हणतात.

तर आमचा मुलगा नितीन एक दिवस म्हणाला, "आई, तुला समुद्र दाखवतो. मला सुट्टी आहे, गाडी आहे, चल."

मी म्हटलं, "डब्बूचं काय?"

"डब्बूको भी ले चलेंगे. कोकणात एक घर आहे, कुत्रा चालतो असं म्हणून राहिले ते लोक. मी फोन केला."

हे म्हणाले, "मी येत नाही बाबा. दोन दिवस गाडीत बसलो तर माझे गुडघे तिकडेच राहतील. आणि समुद्रात आहे काय, पाणीच ना! आपल्या नर्मदाजीत पाणी कमी आहे का?"

मला जायचं फार होतं. चौथीच्या भूगोलाच्या पुस्तकात समुद्र निळा रंगवला होता आणि आमच्या बाईंनीही तो पाहिलेला नव्हता. पण भीती एकच होती. अनोळखी मुलखात डब्बू हातातून सुटला तर मी त्याला कुठे शोधू? तिथे मला रस्ता माहीत नाही, माणूस माहीत नाही, आणि हाक मारून कोणाला विचारायचं तर माझा आवाज निघत नाही. नितीनला मी तीनदा सांगितलं, पट्टा मीच धरणार.

गुहागरच्या अलीकडचं गाव

रस्त्याचं काही लिहीत नाही. दोन दिवस डब्बू खिडकीतून नाक बाहेर काढून बसला होता आणि मी त्याच्या गळ्यात हात घालून. नागपूरला मुक्काम केला, तिथे माझ्या मावसबहिणीने पाटवडीची भाजी केली, ती मात्र लिहिण्यासारखी होती.

पोचलो तेव्हा अंधार पडला होता. समुद्र दिसला नाही, नुसता ऐकू आला. मला वाटलं जवळच रेल्वेची लाइन असेल.

ज्यांच्याकडे उतरलो त्या साधनाताई माझ्याच वयाच्या. कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या पलीकडे सुरूची झाडं आणि त्यापुढे समुद्र. त्या बोलतात भराभर, आणि आपल्यापेक्षा वेगळं. "येत्ये", "करत्ये" असं म्हणतात. ऐकायला गोड वाटतं. मी जबलपूरहून खोव्याची जलेबी नेली होती. डबा उघडून त्या म्हणाल्या, "अगोबाई, ही जळल्ये का?"

नितीनच म्हणाला, "नाही ताई, ही काळीच असते. खोवा आहे न यात."

त्यांनी एक खाल्ली, मग दुसरी घेतली. "आमच्याकडे पांढऱ्याशुभ्र पदार्थाचं कौतुक," त्या म्हणाल्या. "पण ही काळी बया चांगल्ये."

रात्री मऊ भात, कुळथाचं पिठलं आणि नारळ घातलेली फरसबीची भाजी. त्यांच्याकडे सगळ्यात नारळ. आपण जशी वरून कोथिंबीर घालतो तसा त्या नारळ घालतात. डब्बूला मी दूधभात कालवून दिला. त्याने सगळा खाल्ला. मला बरं वाटलं.

सकाळी

सकाळी उठून दार उघडलं आणि घोळ झाला. साधनाताईंनी पूर्ण अंगणभर सुपारी वाळत घातली होती. पिवळी, केशरी, एकसारखी पसरलेली, गालिचा टाकल्यासारखी. डब्बू माझ्या हाताला हिसका देऊन त्यातून धावत गेला आणि परत आला. सुपाऱ्या चारी दिशांना. एक तर त्याने तोंडात धरली, चावून पाहिली आणि माझ्या पायाशी थुंकली.

साधनाताई झाडू घेऊन आल्या. "असू दे, असू दे. आमचा बोकाही हेच करतो," असं म्हणत त्या हसल्या. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याचं घर, पहिला दिवस, आणि आपल्या कुत्र्याने त्यांची कमाई तुडवली. मी खाली बसून एकेक सुपारी गोळा करून दिली. तेव्हाच मनात ठरवलं की याला आता अंगणात आणायचं नाही.

मग समुद्रावर गेलो.

कसा होता ते सांगायचं ठरवून बसले आहे, तरी सांगता येत नाही. निळा नव्हता. सकाळी राखाडी होता, कल्हई उडालेल्या परातीसारखा. आणि पलीकडचा काठ नव्हता. मी काठच शोधत राहिले. नर्मदाजी पुरात कितीही फुगली तरी पलीकडची झाडं दिसतात. इथे डोळे टेकवायला काही नाही. पाणी फार लांब होतं, वाळू ओली आणि चकचकीत, आणि वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या बारीक गोळ्यांच्या रांगा.

डब्बूने आधी वाळूला वास घेतला. मग एक लाट आली तसा तो मागे उडाला. लाट गेली तसा तिच्यामागे धावला. पुन्हा आली तसा पळाला. नितीन पोट धरून हसत होता. "आई, ये तो खो-खो खेळून राहिला!"

मी पाण्याशी गेले, वाकले, ओंजळ भरली, थोडं डोक्याला लावलं आणि एक घोट घेतला. घाटावर रोज घेते तसाच, हात आपोआप तोंडाशी गेला. सगळं तोंड कडू झालं. मी थू थू करू लागले.

"आई! ये नर्मदाजी नहीं है!"

"मला काय माहीत!" मी म्हटलं. माहीत होतं तसं. समुद्र खारा असतो हे पुस्तकात होतं. पण हाताला कुठे पुस्तक वाचता येतं.

डब्बूनेही तेच केलं. जीभ लावली, तीन शिंका दिल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू हे पाणी मीच खराब केलं. नितीनने बाटलीतलं पाणी त्याला पाजलं.

तिथे आम्ही दोन तास होतो. मी एवढी कधी चालले नव्हते, आणि चालताना कोणी ओळखीचं भेटेल ही धास्ती नव्हती. पदर सुटला तर सुटला. शिंपले गोळा केले. नितीनने माझा फोटो काढला. त्यात मी हसते आहे, दात दिसतात, पण मी तो ठेवला आहे. पट्टा सगळा वेळ माझ्या मनगटाला गुंडाळलेला होता.

जेवणाच्या वेळी

साडेदहाच्या सुमारास नितीन म्हणाला, आपण आंघोळ करून घेऊ, ताई घावणे करून राहिल्या. मला वाटलं, डब्बूला कुठे ठेवू? अंगणात सुपारी. मागच्या वाडीत ठेवू का असं ताईंना विचारायचं, तर सकाळच्या प्रकारानंतर मला धीर होईना. विचारलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या, हे आता कळतं.

वाळूवर एक होडी होती. एका कुशीवर कलंडलेली, कोरडी, तिच्या सावलीत वाळू गार. पाणी तिथून चांगलं पन्नास-साठ पावलं खाली. मला ग्वारीघाटच आठवला. तिथे नाव काठाला असली की काठालाच असते. मी डब्बूचा पट्टा होडीच्या जाड दोराला बांधला, दोन गाठी मारल्या, तिसरीही मारली. बाटलीचं उरलेलं पाणी नारळाच्या करवंटीत ओतून त्याच्यापुढे ठेवलं. तो सावलीत पसरला.

"इथे ठीक आहे न?" नितीनने विचारलं.

"घाटावर बसतो न रोज," मी म्हटलं.

आंघोळ झाली. घावणे म्हणजे तांदळाच्या पिठाचे जाळीदार, मऊ, आपल्या धिरड्यासारखे, पण पांढरे. सोबत नारळाचं दूध गूळ घालून. ताई तव्यावरून एकेक ताटात टाकत होत्या आणि मी नको म्हणेपर्यंत पुढचा येत होता. चार झाले. आणखी घ्या, लाजताय काय, असं चाललं होतं. पाचव्याला मी म्हटलं, "पुरे ताई, अर्धा डब्बूला नेते."

"हो, त्याला आणा की. कुठे आहे तो? विहिरीपाशी बांधलात?"

"नाही, खाली होडीला."

"कुठच्या होडीला?"

"ती वाळूवर आहे न, कलंडलेली."

ताईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. त्यांनी मागच्या दारातून एकदा उन्हाकडे पाहिलं. "अहो, तिथे पाणी येतं! आत्ता भरतीच चालल्ये. धावा!"

मला कळलंच नाही. पाणी तिथे येतं म्हणजे? वर कसं येईल? नितीन ताट सोडून उठला, तेव्हा मीही उठले. अनवाणीच पळाले. सुरूच्या झाडांतून बाहेर आले आणि पाहिलं तर सकाळची वाळूच नव्हती. जिथे आम्ही चाललो, शिंपले वेचले, तिथे सगळं पाणी. होडी उभी झाली होती. सरळ उभी, डुलत होती. आणि तिच्या बाजूला पाण्याच्या वर एक डोकं.

डब्बू पुढचे दोन पाय होडीच्या कडेला लावून लटकला होता. होडी वळली की पाय निसटत, तो खाली जाई, पुन्हा वर येई. पट्टा ताणलेला. पळून जाऊ नये म्हणून मी तीन गाठी मारल्या होत्या.

कडेला लांब दोन-तीन माणसं जाळं आवरत होती. त्यांना हाक मारायची होती. काय म्हणून मारायची? त्यांची नावं माहीत नाहीत, दादा म्हणतात की भाऊ, ते माहीत नाही. माझ्या तोंडून निघालं ते "नर्मदे हर!" घाटावर नाववाल्याला पैलतीरावरून हाक मारतात तसं, पूर्ण छातीने. "नर्मदे हर! नर्मदे हर!" मी एवढ्या मोठ्याने आयुष्यात ओरडले नव्हते. ती माणसं वळली. नितीनसुद्धा क्षणभर थबकून माझ्याकडे पाहत राहिला.

मी थांबले नाही. पाण्यात शिरले. मला पोहता येत नाही, घाटावर साखळी धरून बुडी मारते तेवढंच. पाणी गुडघ्याला, कंबरेला, मग एक लाट आली आणि पाय उचलले गेले. लुगड्याने पाय धरले होते. तोंडात पुन्हा तेच खारट पाणी. नितीन मागून आला आणि त्याने माझा दंड धरला. दोघं मिळून होडीशी पोचलो. मी गाठ धरली. ओली होऊन ती दगड झाली होती. नखं तुटली, गाठ हलली नाही.

"आई, गळ्यातलं काढ! गळ्यातलं!" नितीन ओरडला.

मी डब्बूचा गळपट्टा दोन्ही हातांनी ओढला. आधी कान अडकले. त्याने माझ्याकडे पाहिलं, ओरडला नाही. मग मान मागे घेतली आणि तो त्यातून निसटला. नितीनने त्याला छातीशी उचललं. तोवर जाळंवाल्यांपैकी एक म्हातारे काका पाण्यातून येऊन पोचले होते. त्यांनी मला हाताला धरून असं बाहेर आणलं जसं बाजारात म्हाताऱ्या आईला हात धरून नेतात.

काठावर डब्बू चार पायांवर उभा राहिला, थरथरला आणि भडाभडा ओकला. पाणीच पाणी. मी त्याच्यापाशी वाळूवर बसले आणि रडू लागले. माणसं होती, तरी रडले.

काका म्हणाले, "कोनी बांधलान हा कुत्रा?"

"मी," मी म्हटलं.

"होडीला?"

"आमच्याकडे बांधतो. नदी आहे आमच्याकडे. नाव काठाला असते."

मला वाटलं आता ओरडतील. ते खाली बसले आणि डब्बूच्या पोटावर हात ठेवून म्हणाले, "ओकला ते बरं झालं. मावशी, होडी आम्ही तिथं ठेवतो ती पाण्यानं उचलावी म्हणूनच. एवढी जड होडी ढकलणार कोण? ओहोटीला टेकते, भरतीला आपली आपण उठते. दिवसातून दोनदा."

"दिवसातून दोनदा?"

"दोनदा. रोज."

मी पन्नास वर्षं पाण्याकाठी काढली आणि हे मला माहीत नव्हतं. आमचं पाणी वर येतं ते पुराला, आणि पूर आला की आधी सगळं शहर सांगतं.

साधनाताई शहाळं घेऊन आल्या होत्या. त्यातलं पाणी थोडं डब्बूला पाजलं, थोडं मला. मग मला म्हणाल्या, "वाडीत का नाही बांधलात?"

मी खरं तेच सांगितलं. "तुम्हाला विचारायला लाज वाटली. सुपारी..."

"अहो, सुपारीचं काय घेऊन बसलात!" त्यांनी कपाळावर हात मारला. "चला, घावणे गार झाले. त्याला पण घ्या. अंगणातूनच न्या."

डब्बू तुडवत गेला सुपारीवरून. कोणी काही म्हटलं नाही.

संध्याकाळी

दुपारभर तो वाडीत पोफळीखाली झोपला. मी जवळ बसून राहिले, त्याचं पोट वरखाली होताना पाहत. ह्यांचा फोन आला. "काय, पाहिला समुद्र? कसा आहे?" मी म्हटलं, "मोठा आहे." बाकीचं घरी येऊन सांगितलं.

चारला डब्बू उठला, अंग झाडलं, दाराशी गेला आणि माझ्याकडे वळून पाहू लागला. त्याला पुन्हा जायचं होतं. मला विश्वास बसेना.

"आई, आता पाणी खाली गेलं असेल," नितीन म्हणाला. "पण पट्टा नाही. होडीला राहिला. दोरी आणू का ताईंकडून?"

दोरी होती, विहिरीवर रहाटाला भरपूर होती. मी हो म्हणणार होते. मग त्याच्या गळ्याकडे पाहिलं. पाण्यात पट्टा काचून तिथले केस गेले होते, कातडी लाल झाली होती. मी म्हटलं, "राहू दे."

"पक्का? भाग गया तो?"

"राहू दे म्हटलं न."

सुरूच्या झाडांपाशी येईपर्यंत तो माझ्या पायांशी चालला. वाळू दिसली तसा सुटला. गावचे दोन कुत्रे तिथे होते, त्यांनी त्याला हुंगलं, त्याने त्यांना हुंगलं, आणि तिघं मिळून धावत गेले. खडकांच्या दिशेने. लहान होत होत गेले. शेवटी कोणता डब्बू आणि कोणते दुसरे, ते ओळखू येईना. मग तेही दिसेनासे झाले.

माझे हात मांडीवर होते, त्यांना काही धरायला नव्हतं. हाक ओठांपर्यंत आली होती. आज तर आवाजही निघत होता. पण मी मारली नाही. का नाही मारली, ते नीट सांगता येत नाही. एवढंच की सकाळी मी त्याला धरून ठेवला होता आणि तो धरल्यानेच बुडत होता.

नितीन दोनदा उठून पाहून आला. मी उठले नाही. ताई आपलं काम आटोपून आल्या आणि माझ्या शेजारी वाळूवर बसल्या. किती वेळ गेला ते माहीत नाही. सूर्य तांबडा झाला.

मग खडकाकडून एकटाच कोणी येताना दिसला. पळत नव्हता, आपल्या चालीने, मधेच थांबून काहीतरी उकरत. जवळ आला. डब्बूच होता. नाकाला वाळू, जीभ बाहेर. माझ्यापाशी येऊन त्याने सगळं अंग झाडलं. माझं कोरडं लुगडं भिजलं, ताईंचंही भिजलं. त्याने एकदा माझा हात चाटला आणि पुन्हा गेला.

पुन्हा आला. तोंडात नारळाच्या सालीचा तुकडा होता. तो माझ्यापुढे टाकला आणि परत गेला.

तिसऱ्यांदा गेला तेव्हा माझं लक्षच नव्हतं. ताईंनी विचारलं होतं, तुमची ती नदी कशी आहे हो, आणि मी सांगत होते. घाट कसा, आरतीचे दिवे कसे सोडतात, भेडाघाटला पांढऱ्या खडकांमधून नाव कशी जाते, पाणी तिथे किती खोल. ताई हं हं करत होत्या आणि मी बोलतच होते.